दोनास तीन

प्रकाश आधी प्रवाळाच्या कड्याआतल्या निवांत पाण्यावर उतरला. मग केवड्याच्या पानांनी शाकारलेल्या छपरातून झिरपत, मुळीच घाई न करता, चटईची एकेक वीण उजळीत तो पुढे सरकला आणि दोन बादल्यांपाशी येऊन थांबला.

एकीत घरच्या टाकीतले पावसाचे पाणी होते, दुसरीत विहिरीचे. दुसरी रोज मास्तरांची बायको ताराम भरून आणी. हिंदकळू नये म्हणून तिच्यात अर्धी करवंटी तरंगत असे.

तेआरिकी मास्तरांनी दोन मापे पावसाचे पाणी घेतले, त्यात तीन मापे विहिरीचे मिसळले आणि चाखले. मीठ जिभेला जेमतेम जाणवले. दोनास तीन. पावसाने पाठ फिरवल्याला अकरा आठवडे झाले होते. बेटावरच्या साऱ्या विहिरी खारावल्या. त्यांच्या विहिरीचे प्रमाण मात्र ढळले नाही. पूर्वी ते भरती-ओहोटीबरोबर रोज थोडे हले. आता तेवढेही हलत नव्हते. मास्तरांनी त्यावर फारसा विचार केला नाही. विहिरीच्या कडेला त्यांच्या लेकीचे थडगे होते. विहीर नासेल त्या दिवशीच बेट सोडायचे, असा त्यांचा शब्द होता.

“दाजी, ही शेवटची बोट!” मेहुणा बौरो दारातूनच ओरडला. “समुद्राला गणित शिकवून झालं असेल तर चला आता.”

“विहीर चांगली आहे, बौरो. चाखून बघ.”

बौरोने घोट घेतला. “नवलच म्हणायचं. चर्चची टाकी तळाला गेली, आणि त्या टोकाला प्यायला माणूस उरलेला नाही. तुमच्या विहिरीला बरं काही होत नाही!” तो बहिणीकडे वळला. “तू तरी सांग ना गं यांना.”

“ते मास्तर आहेत,” ताराम म्हणाली. “त्यांना मी काय सांगू?”

भरतीबरोबर बोट गेली.

दुपारी मास्तरांना तहान लागली. विहिरीच्या पाण्याची बादली जागेवर नव्हती. ते बाहेर आले. विहिरीपाशी कोणी नव्हते.

ताराम चर्चच्या वाटेने येत होती, डोक्यावर भरली बादली घेऊन. किनाऱ्याशी ती थांबली. बादली खाली ठेवून तिने करवंटी उचलली, लाटेत बुडवली, काठोकाठ भरली आहे ना ते निरखले आणि ते पाणी बादलीत ओतले. मग हाताने ढवळून करवंटी पुन्हा तरंगत सोडली.

बोट क्षितिजावर ठिपक्याएवढी उरली होती.

विहिरीत केव्हापासून नुसता समुद्र होता.