माझा डोंगर, माझी नदी

पाणी विकणाऱ्या कंपनीची गोरी डिझायनर फिलिपा झऱ्यासाठी न्यूझीलंडच्या मूळ रहिवाशांच्या, माओरींच्या वस्तीचा होकार मागायला आली. आधी आपल्या पूर्वजांचा डोंगर आणि नदी सांगायची, या माओरी रीतीने स्वतःची ओळख माओरीतच पाठ करून आली होती. "तो डोंगर माझा. ही नदी माझी. मी बाटल्या डिझाइन करते. लोकांचं ऐकून घेणं ही माझी ताकद. सुट्टीत इथेच होडी वल्हवते."

पोरांनी टाळ्या वाजवल्या. मेरेआना मावशीच्या मस्तकात तिडीक गेली.

"डोंगर तुझा कधी झाला गं?"

"मी इथेच वाढले, मावशी. उच्चार चुकला का?"

"उच्चार झकास आहे. ऐकून घेतेस ना? मग ऐक. झरा मिळणार नाही. डोंगर माझा, नदी माझी, असंच म्हणत तुझ्या पणजोबाने इथे कुंपण घातलं. निदान आमच्या भाषेत तरी म्हणाला नव्हता मेला!"