वायर नसलेलं बटण

एकोणीसशे एकोणऐंशी साल. गाणं रेकॉर्ड करून झालं होतं, आणि स्टुडिओच्या काचेआडच्या लहान खोलीत आता त्यात कोणाचा आवाज किती ठेवायचा ते ठरत होतं.

यंत्रापुढे रेकॉर्डिस्ट बसला होता. बँडमधले त्याला कानसेन म्हणत. समोर वर-खाली सरकणाऱ्या बटणांची रांग, आणि प्रत्येकाखाली चिकटपट्टीवर त्यानं लिहिलेलं: ड्रम, गिटार, ट्रम्पेट. शेवटच्या पट्टीवर नुसतं ‘वहिनी’.

ती मागच्या बाकावर पर्स मांडीवर घेऊन बसली होती. बँड तिच्या नवऱ्याचा, ट्रम्पेटही तोच वाजवायचा. त्याला सगळे मास्तर म्हणत, तीसुद्धा. ही त्यांची पाचवी रेकॉर्ड, आणि तिची बहुधा शेवटची. वरचे सूर आताशा लागेनासे झाले होते. सकाळी घरातून निघताना ती एवढंच म्हणाली होती, “या वेळी तरी शब्द कळू देत.” मास्तर बुटाची नाडी बांधत होते. “हो,” म्हणाले.

“कानसेन, ड्रम जरा वर घे,” ड्रमवाला म्हणाला. “मी काय तिथं ताटं पुसत होतो?”

ड्रम वर गेला. मग गिटारवाल्याला गिटार दबल्यासारखी वाटली. तीही वर गेली. मग ट्रम्पेट. काच थरथरायला लागली. गर्दीत आईचा हात सुटलेल्या मुलासारखा तिचा आवाज त्यात कुठेतरी होता.

“माझा थोडा...” ती म्हणाली.

“वहिनी, घरी मास्तरांवर लावता तेवढा आवाज इथं लावला असतात, तर बँडच लागला नसता,” ड्रमवाला म्हणाला. सगळे हसले. तीही हसली.

मास्तरांचं समाधान होईना. “अजून भरदार हवं. ट्रम्पेट पुढं यायला हवं.”

कानसेननं रांगेच्या अगदी कडेचं, लाल टोपीचं बटण दाखवलं. त्याखाली चिकटपट्टी नव्हती. “मास्तर, हे तुमच्याच हातानं घ्या. तुमच्या कानाला पटेल तिथं थांबा.”

मास्तरांनी डोळे मिटून ते वर सरकवलं. थोडं खाली आणलं. पुन्हा केसभर वर. “हां. आता कसं. फरक आहे की नाही?”

“जमीन-अस्मानाचा,” गिटारवाला म्हणाला.

तिघं खाली चहाला गेले. दार लागलं तसं कानसेनला हसू आवरेना.

“वहिनी, कोणाला सांगू नका. त्या बटणाला मागं वायरच नाही. हट्टाला पेटलेल्या माणसाच्या हातात देतो मी ते. गंमत म्हणजे प्रत्येकाला फरक ऐकू येतो.”

तीही हसली. मग तिचं हसू हळूहळू विरलं.

“मागच्या वेळी मला दिलं होतंस ते.”

कानसेन यंत्रावरची नसलेली धूळ पुसायला लागला.

“त्याच्या आधीच्या वेळीही.”

“मास्तर म्हणायचे बँड भरदार हवा, तुम्ही म्हणायच्या आवाज हवा. मी मधल्या मधे...”

“मला ऐकू आला होता रे,” ती म्हणाली. “घरी जाताना मीच रस्ताभर म्हणत होते, या वेळी छान झालं.”

खालून तिघांच्या बोलण्याचा आवाज येत होता. कानसेन उठला आणि त्यानं आपली खुर्ची तिच्याकडे सरकवली. ‘वहिनी’वर बोट ठेवून म्हणाला, “याला वायर आहे.”

तिनं पर्स बाकावर ठेवली. ते बटण पार वरपर्यंत नेलं. तरी पुरेना, तेव्हा बाकीची एकेक करून खाली आणली. ट्रम्पेटच्या बटणावर हात जरासा थांबला. मग तेही खाली.

बाकी सगळं लांबून आल्यासारखं झालं, आणि खोलीत तिचा आवाज उरला. शब्द न् शब्द कळत होता. वरच्या सुराआधी तिनं घेतलेला घाईचा श्वासही.

“तो काढू का?” कानसेननं विचारलं.

“असू दे. माझाच आहे.”

तिघं परत आले. गाणं पुन्हा लावलं. मास्तरांच्या कपाळाला आठी पडली. “ट्रम्पेट मागं गेलं का?”

मास्तरांनी वाकून लाल बटण वर सरकवलं आणि डोळे मिटून ऐकलं.

“हां. आता बरोबर.” मग तिच्याकडे वळून म्हणाले, “काय, कळतायत ना आता तुझे शब्द?”

“कळतायत,” ती म्हणाली.

त्या रेकॉर्डनंतर ती गायली नाही. ड्रमवाला मुलाकडे परदेशी गेला, तिथं शेजारी ड्रम वाजवू देत नाहीत. गिटारवाल्यानं चष्म्याचं दुकान काढलं. कानसेन पुढे कानांनीच अधू झाला आणि ही गोष्ट स्वतःच हसत, मोठमोठ्यानं सांगायचा. मास्तर शेवटपर्यंत आल्यागेल्याला ती रेकॉर्ड ऐकवत. “यात ऐका माझं ट्रम्पेट, कसं पुढं आलंय.” तिनं कधी त्यांना खोडून काढलं नाही. मग मास्तरही गेले.

आता घरात ती एकटीच असते. शेवटची रेकॉर्ड कपाटात आहे. तीत ती नीट ऐकू येते, आणि मास्तर कुठे आहेत ते शोधावं लागतं. म्हणून संध्याकाळी ती आधीच्यांतली एखादी लावते. तावदानं थरथरतात.

एकदा शेजारची नवी सून विरजण मागायला आली. दारातच थांबून ऐकत राहिली.

“आजी, हे गातंय कोण? एक शब्द कळेल तर शपथ.”

“गाणं राहू दे गं,” ती म्हणाली. “ट्रम्पेट ऐक.”