खटपटीचा तास

शालिग्रामने टीव्हीसमोरच्या तिपाईवर रिकाम्या आगपेट्या, दोऱ्याचे रीळ आणि दाभण ओळीने मांडले. मग पाठमोऱ्या बसलेल्या थोरल्या बहिणीला, ती नाही म्हणूच शकत नाही अशा सुरात, म्हणाला, "चाल अक्का, तास सुरू व्हई राह्यना."

नूतनअक्का हलली नाही. गेलेली नजर परत येणार नाही, असे जळगावच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितल्यापासून ती एरंडोलच्या या घरात भिंतीकडे तोंड करूनच बसत असे. सून भूमिका ताट हातात देई तेव्हा जेवे, धरून उठवी तेव्हा उठे. स्वतःहून मात्र तिने कशालाही हात लावणे सोडले होते. आज ते हात कामाला लावल्याशिवाय वरणगावला परतायचे नाही, असे ठरवूनच शालिग्राम आला होता. कारखान्यात आयुष्यभर मापे तपासलेला माणूस. ठरवल्यापासून सूतभरही ढळत नसे.

"माले काय दिसस आते, शालिक," भिंतीकडूनच उत्तर आले. "तूच देख."

"तव्हय माले तरी काय दिसे?"

ते खरेच होते. लहानपणी टीव्हीवर 'खटपटीचा तास' लागायची वेळ झाली की वाऱ्याने फिरणारी अँटेना धरून शालिग्राम धाब्यावर, घराच्या सपाट मातीच्या छतावर, उभा राही, आणि उजेडासाठी धाब्याला ठेवलेल्या भोकाखाली अक्का. चित्र आले की ती ओरडे, "उनं, तठेच थांब." चित्र गेले की, "गयं." आणि या दोहोंच्या मध्ये पडद्यावरच्या बाई काय करत आहेत, ते सारे त्याला सांगे. सुरुवात नेहमी बाईंच्या साडीपासून. आज अंजिरी, आज मोरपंखी, आज हळदी. मग साहित्य, मग कृती. त्या आवाजाच्या भरवशावर शालिग्रामने बांबूची पिचकारी केली, भिंगाने कागद पेटवला, आणि पुढे धुळ्याच्या तंत्रनिकेतनात नाव घातले. पाहिलेला मात्र त्याने एकही तास नव्हता.

भूमिकाने शोधून दिलेले जुने चित्रीकरण त्याने सुरू केले. सुरुवातीची धून वाजली तशी अक्काची मान किंचित कलली. पडद्यावर बाई आल्या, आणि सांगायला तोंड उघडलेला शालिग्राम तसाच राहिला.

साडी करडी होती. मागचा पडदा करडा, टेबलावरची फुलेही करडी. लहानपणीचा घरातला तो टीव्ही कृष्णधवल होता, हे त्याला तेव्हापासून ठाऊक होते. त्याच टीव्हीत अक्काला मोरपंखी रंग दिसला कसा, हे मात्र प्रत्येक माप दोनदा ताडून पाहणाऱ्या शालिग्रामने कधी ताडूनच पाहिले नव्हते.

"का रे, गयं का?" अक्काने विचारले.

"नहीं, शे," तो म्हणाला, आणि सांगू लागला. आज आगपेटीचा टेलिफोन. बाईंनी खोके घेतले, दाभणाने तळाला मधोमध भोक पाडले, दोरा ओवला. सांगता सांगता तोही तसेच करत होता. दोऱ्याच्या टोकाला आडवी काडी बांधायची तेवढी त्याने सोडून दिली. जाणूनबुजून चूक करण्याची ही त्याची पहिलीच खेप. दोरा ओढताच सळकन निसटून बाहेर आला.

"निसटना," तो म्हणाला.

"काडी बांधी का आडवी?"

"काडी कसानी?"

अक्का वळली. "एवढा कारखाना चालाडा म्हणे यानी," ती पुटपुटली, आणि तिने हात पुढे केला. "आण आठे."

तिच्या बोटांनी खोक्याच्या कडा चाचपल्या, मध्य शोधला, दाभण टोचले. दोरा ओवायला वेळ लागला. शालिग्रामचे हात दोनदा पुढे गेले आणि दोनदा त्याने ते मांडीखाली दाबून ठेवले. काडीची गाठ तिने दाताने आवळली. दुसरे खोके तर तिने त्याला विचारूही न देता उचलले.

"जाय आते लांब. दोरा सैल ठेवशी ते काहीच आयकू येवाव नहीं."

एक खोके घेऊन तो ओट्यापर्यंत गेला. उघड्या दारातून त्याला अक्का दिसत होती, आणि तिच्यामागे पडदा. त्याने दोरा ताणला आणि खोके कानाला लावले. आधी नुसती खरखर झाली. मग त्या खरखरीतून, भोकातून धाब्यावर यायचा तोच आवाज आला.

"बाईनी साडी कोणता रंगनी शे?"

शालिग्रामने पडद्याकडे पाहिले. नीट, वेळ घेऊन पाहिले. मग खोके तोंडाशी नेले.

"मोरपंखी."

दोरा क्षणभर सैल पडला. मग पलीकडच्या टोकाने तो पुन्हा ओढून ताठ केला.

"अन् काठ?"