रविवारचा डबा

पासष्टची लढाई सुरू झाली तशी जबलपूरच्या तोफांच्या कारखान्यात रविवारचीही ड्यूटी लागली आणि शांतवनचं चर्चला जाणं सुटलं. पुढं लढाई संपली, सुटी परत मिळाली, पण ते त्यानं घरी सांगितलंच नाही. दर रविवारी डबा घेऊन निघायचा आणि नर्मदेच्या काठी ग्वारीघाटावर जाऊन बसायचा. "देव काय चर्चातच भेटते का?" असं स्वतःलाच विचारायचा. तरी उपासनेची वेळ झाली की घास घशाखाली उतरत नसे.

त्या रविवारी तो परतला तेव्हा सत्यवती चर्चमधून आलेली होती.

"आज साऱ्या मंडळीनं उभं राहून तुमच्यासाठी प्रार्थना केली," ती म्हणाली. "आमच्या या भावाला रविवारची सुटी मिळू दे, म्हणून."

शांतवन उंबऱ्यातच थांबला. "कोणी सांगितलं त्यांना?"

"तुमचे फोरमन, थॉमससाहेब. प्रार्थनाही त्यांनीच केली. ते तर आता दर रविवारी येऊन राहिले."

सत्यवतीनं त्याच्या हातातला डबा घेतला. तो भरलेलाच होता.

"पुढच्या रविवारी डबा करू का?" तिनं हळूच विचारलं.