जावेचं कार्ड

कळंबच्या साडीच्या दुकानात धाकट्या जावेनं, आरोहीनं, क्रेडिट कार्ड पुढं केलं, तसं शिवकन्याच्या पोटात दुखलं. दोघींचे नवरे पुण्यातच नोकरीला, पण मोठ्या बँकेचं कार्ड काढून दिलं ते आरोहीच्याच नवऱ्यानं.

दुकानातच आरोहीचा फोन वाजला. बोलून झाल्यावर ती वैतागून म्हणाली, “ताई, बंदच करते हे कार्ड. कुठंबी वापरलं की ह्यांना मेसेज जातो अन् लगेच फोन येतो. कुठं हायस, काय घेतलंस, जेवलीस का.”

“दर वेळी?”

“व्हय, दर वेळी.”

पोळा गेला होता, दसराबी सरला होता, तरी शिवकन्याच्या नवऱ्याचा फोन आला नव्हता. दुकानातनं घरी येऊन तिनंच लावला.

“मलाबी तसलं कार्ड काढून द्या.”

“काय घ्यायचंय तुला?”

“घ्यायचं काहीच न्हाय.”