वल्ह्याला लावलेला कान

"धर. आजपासून तू ऐकायचं," मामाने वल्हं भाचीच्या पुढे केलं.

भाचीने होडीचं इंजिन नुकतंच बंद केलं होतं. तिने हात मागे घेतला. तीस वर्षं त्या वल्ह्याला मामाशिवाय कुणी हात लावला नव्हता. पातं पाण्यात सोडायचं, दांड्याचं टोक कानाला लावायचं आणि खाली मासे बोलतायत का ते ऐकायचं, ही मामाची विद्या. नवखे लोक आधी हसत. मग मामा "टाका इथंच" म्हणे, जाळं भरून येई आणि हसणाऱ्यांची तोंडं बंद होत. सगळं बंदर त्याला कानमामा म्हणायचं. दांड्याचं टोक त्याच्या कानाला घासून घासून गुळगुळीत झालं होतं.

पण गेली दोन वर्षं मामाला मासे ऐकू येत नव्हते. दांडा कानाला लावला की नुसतं घूं. मामीने कोमट तेल घातलं, वाफारे दिले, शेवटी हाताला धरून डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरने कानाला यंत्र लावून नाना आवाज ऐकवले.

"कान छान आहेत, काका. ते घूं वयाचं आहे. म्हातारपणावर माझ्याकडे औषध नाही."

"तो माणसांचा डॉक्टर," मामा घरी येऊन म्हणाला. "त्याच्याकडे तपासायला मासे कुठे होते?"

घरातले हसले. मामा हसला नाही. दोन वर्षं त्याने अंदाजाने जाळी टाकायला लावली आणि बहुतेक ती रिकामीच वर आली. कुणी त्याला एका शब्दाने बोललं नाही, हेच त्याला जास्त लागलं. ज्याचे कान गेले त्याने होडीत जागा अडवू नये, असं त्याने स्वतःशी ठरवून टाकलं. उद्यापासून काठावर बसून फाटकी जाळी शिवायची. त्या विचाराने सकाळी त्याला चहासुद्धा गेला नव्हता.

येताना बंदराच्या तोंडाशी गाळ उपसणारं जहाज लागलं होतं. मोठ्या बोटींसाठी वाट खोल करायचं त्याचं काम रात्रंदिवस चाले, आणि त्याने ढवळलेल्या गाळाचा तपकिरी पट्टा पाण्यावर लांबवर पसरलेला असे. आज पट्टा विरळ होता. कामगार कठड्यावरून पाय सोडून गप्पा मारत बसले होते.

"यांचं काहीतरी बिघडलंय वाटतं," भाची म्हणाली होती. मामाचं लक्ष नव्हतं. आता तर ते जहाज दोन मैल मागे राहिलं होतं.

"धर म्हणतो ना!"

भाचीने वल्हं घेतलं. पातं पाण्यात सोडलं, वाकली, दांड्याला कान लावला. बराच वेळ ती हललीच नाही.

"मामा, कुणीतरी झोपेत दात खातंय रे. करकर, करकर. एक नाही, खूप जण आहेत."

तो आवाज मामाच्या ओळखीचा होता. मासे होते. भाचीला पहिल्याच फटक्यात ऐकू आले होते. म्हणजे आपलेच कान गेले, आता शंकेला जागाच उरली नाही. पोरीच्या हातात विद्या आली याचा आनंद व्हायला हवा होता. झालाही थोडा. पण डोळे भरून आले ते त्या आनंदाने नव्हे.

"जाळं टाक," तो कसाबसा म्हणाला.

भाची जाळं सोडायला वळली. वल्हं रिकामं झालं. मामाने ते उचललं, निरोप घ्यावा म्हणून एकदाच कानाला लावलं, आणि होडीत मटकन खालीच बसला.

"काय झालं?"

"गप्प. बोलतायत." मामाचा आवाज फुटला. "सगळे बोलतायत गं!"

तो हसत होता, रडत होता, मधूनच हाताने भाचीला गप्प करत होता. मामीच्या तेलाचा गुण आला म्हणाला. डॉक्टरला टोपलीभर मासे नेऊन द्यायचे म्हणाला. भाचीने जाळं ओढलं तर ते एकटीला आवरेना, म्हणून तोही उठला. दोघांनी मिळून ते वर घेतलं. होडीचा तळ झाकून गेला.

"आणखी एकदा," म्हणून मामाने पुन्हा वल्हं कानाला लावलं आणि त्याचा चेहरा पडला.

घूं.

"गेले," तो पुटपुटला. "एवढ्यात परत गेले कान."

भाचीने त्याच्या हातातून वल्हं काढून घेतलं आणि स्वतःच्या कानाला लावलं. कपाळाला आठ्या घालून ती ऐकत राहिली. मग तिने मान वर केली आणि बंदराच्या दिशेने पाहिलं. गाळ उपसणाऱ्या जहाजाच्या धुराड्यातून काळा धूर निघू लागला होता.

"मामा, मलाही घूंच ऐकू येतंय."

"आणि मासे?"

"एकही नाही."

मामाने धुराकडे पाहिलं, वल्ह्याकडे पाहिलं. जाणाऱ्या-येणाऱ्या बोटींचे आवाज त्याने जन्मभर ओळखले होते. ते आवाज येत आणि जात. या जहाजाचा दोन वर्षांपूर्वी आला तो गेलाच नाही, म्हणून त्याने तो स्वतःचा समजला होता. दोन वर्षं त्याने तेल घालून घेतलं होतं, ते समुद्राच्या दुखण्यावर.

छातीवरचा दगड उतरावा तसा त्याने श्वास सोडला. मग त्याला हसू लोटलं, इतकं की होडी डुलायला लागली.

"अरेरे," तो भाचीला म्हणाला, "सव्विसाव्या वर्षीच म्हातारी झालीस की गं!"