नमुन्याचं ताट

दुपारी बारा वाजता धोंडाबाईनं तव्यावरची भाकरी तशीच सोडली आणि ती चुलीपुढून उठली.

लातूरच्या त्या हॉटेलात मराठवाडी जेवणाचा महोत्सव होता. २०१६ चा एप्रिल. शहराला पाणी रेल्वेनं येत होतं, हॉटेलला टँकरनं. उदगीर नवा जिल्हा करा म्हणणाऱ्यांचं शिष्टमंडळ एक वाजता जेवायला येणार होतं.

"काय झालं, मावशी?" व्यवस्थापक विरूपाक्षनं विचारलं.

तिनं दाराकडं बोट केलं. जेवणात काय काय आहे ते पाहुण्यांना कळावं म्हणून तिथं एक ताट मांडलं होतं. सगळं वाढलेलं, शेजारी पाण्याचा तांब्या, पुढं समई. ताट दक्षिणेकडं तोंड करून.

"ते पान कुणाचं?"

"कुणाचंच नाही. नमुना आहे."

"असं पान मेलेल्याला वाढत्यात, सायब. बिननावाचं ठेवलं तर कोण बी येऊन बसंल. नाव घ्या एकाचं, न्हाईतर मी चालले कंधारला."

"आमच्या लिंगायतांत पितर नसतात, मावशी."

"उपाशी माणूस काय जात इचारून येतो व्हय?"

तीनशे माणसांच्या भाकरी तिच्या हातात होत्या. विरूपाक्ष ताटापुढं वाकला. कुठलंही खोटं नाव घ्यायचं त्यानं ठरवलं होतं. तोंडातून निघालं ते 'मडिवाळप्पा'.

मडिवाळप्पा त्याचा धाकटा भाऊ. आठ महिन्यांपूर्वी निलंग्याहून बोअरच्या गाडीवर कामाला गेला, तो परतलाच नाही. पोलिसांनाही थांग लागला नव्हता. त्याच्याबद्दल बोलताना कुणी 'होता' म्हटलेलं आईला खपत नसे.

विरूपाक्षचा चेहरा उतरलेला पाहून धोंडाबाई म्हणाली, "जित्या माणसाला पान पोचत न्हाई. तसंच राहील. सांजच्याला गाईला घाला."

मग तो ताटावर नजर ठेवूनच वावरला. एक वाजता पाहुणे आले. एक वीसला टँकर आला म्हणून तो मागच्या अंगणात गेला. पाच मिनिटांत परतला.

ताट रिकामं होतं. नुसतं रिकामं नव्हे. त्यांच्या घरात जेवल्यावर ताट धुऊन ते पाणी पितात, अन्नाचा कण वाया जाऊ नये म्हणून. तसं ते धुऊन प्यालेलं होतं. दारावरच्या पहारेकऱ्यानं कुणालाही पाहिलं नव्हतं.

दीड वाजता निलंग्याहून आईचा फोन आला. ती रडत होती, हसत होती.

"विरू, मडिवाळ आला रे! आत्ताच आला. लई वाळलाय."

विरूपाक्षनं धुतलेल्या ताटाकडं पाहिलं.

"वाढते म्हणलं तर नको म्हणून राहिलाय. लातूरला दादानं बोलवलं होतं, तिथंच जेवलो म्हणतो."

निलंगा तिथून पन्नास किलोमीटर.

"त्याच्याकडं दे फोन," विरूपाक्ष म्हणाला.

फोन एका हातातून दुसऱ्या हातात गेल्याचं त्याला ऐकू आलं.

दोन वाजता फोन चालूच होता. पलीकडून अजून कुणी बोललं नव्हतं.